दार लावून दहा मिनिटं

(परभणीत महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



व्यायामावर बोलणार म्हटल्याबरोबर मागून कुणीतरी हसलं. "दिवसभर राबतोच की, आणखी व्यायाम कशाला?" प्रश्न रास्त आहे, तिथूनच सुरुवात करते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी २८९ मिनिटं त्यात गेलेली दिसतात, पुरुषांची ८८. तेव्हा आपण हलत नाही असं मी म्हणणार नाही. पण हलतो कशा? भांडी, धुणं, खुरपणी, सगळं वाकून. कंबर आणि गुडघे झिजतात, पण जिना चढताना धाप लागते ती लागतेच. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईचं दळण-कांडण सगळ्यांना माहीत आहे. तिची कंबर दुखत होती का, हे मात्र कुणी विचारलं नाही.

दम वाढायचा तर थोडा वेळ छाती जोरात धडधडली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, आठवड्याला मध्यम व्यायाम किमान १५० मिनिटं, किंवा जोराचा ७५ मिनिटं. पूर्वी त्यात अट होती, एका वेळी सलग दहा मिनिटं तरी हवीत. २०२० साली ती अट काढली. कुकर होईपर्यंत पाच मिनिटं केलं, तेही धरायचं. आपल्यासारख्या तुकड्या-तुकड्यानं वेळ मिळणाऱ्या बायकांच्या ही गोष्ट कामाची आहे.

आता किकबॉक्सिंगच का? कराटे आणि थायलंडचं मुष्टियुद्ध यांच्या मेळातून जपानमध्ये १९६० च्या दशकात हा खेळ उभा राहिला. त्यातलं रिंगण, हातमोजे, सामना आपल्याला नको. फक्त ठोसे आणि लाथा घ्यायच्या, समोर हवा. आपल्या वस्तीत बाई रस्त्यानं पळाली तर चार जण थांबून बघतात, आणि परभणीचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. हे घरात, दोन सतरंज्यांच्या जागेत होतं. आणि बायकांनी ठोसे मारायचे का, असं कुणी म्हणालं तर सांगा, नांदेडच्या पुढे बासर ओलांडलं की निजामाबाद लागतं. तिथली निखत झरीन २०२२ आणि २०२३ अशी दोनदा बॉक्सिंगची जगज्जेती झाली.

रीत सोपी आहे. दोन मिनिटं जागच्या जागी चाला, खांदे फिरवा. मग पवित्रा. डावा पाय एक पाऊल पुढे, गुडघे सैल, दोन्ही मुठी गालाजवळ. अंगठा मुठीच्या बाहेर ठेवा, आत दाबू नका. एकदा डावा ठोसा, एकदा उजवा. उजवा मारताना कंबरही वळू द्या, पण कोपर ताठ झटकू नका, दुखावतं. मनात तीस मोजेपर्यंत मारा आणि तेवढाच वेळ नुसतं चाला. नंतर गुडघे. वरून दोर ओढावा तसे हात खाली आणि गुडघा वर, आळीपाळीनं. पुन्हा तेवढीच विश्रांती. मग लाथ. आधी गुडघा उचला, मग अडलेलं दार ढकलावं तसं पाऊल पुढे. मांडीपर्यंत गेली तरी पुष्कळ. ही फेरी दोनदा केली की सहा मिनिटं झाली. शेवटची दोन मिनिटं श्वास खाली येऊ द्या. साडी असेल तर निऱ्या वर खोचा, पण लाथेला सलवार बरी. फरशी ओली नको. घर पत्र्याचं असेल तर उजाडायच्या आत करा.

प्रत्येक ठोशाला तोंडानं 'हा' म्हणून श्वास सोडायचा. सगळ्यात जास्त अडतं ते इथे. हात जातो, आवाज निघत नाही. मला स्वतःला तीन आठवडे लागले.

कुणी उड्या मारू नयेत, हेही सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ च्या, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला. जिला उठताना गरगरतं तिनं आधी उपकेंद्रात रक्त तपासून घ्यावं. पोटुशी असेल, अंग बाहेर येत असेल, रक्तदाब किंवा छातीचं दुखणं असेल, तिनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

आता माझी चूक. सुरुवातीला मी वस्तीत सांगत फिरायची, "हे शिका, कुणी हात उचलणार नाही." टाळ्या पडायच्या. एका ताईनं ते मनावर घेतलं. नवरा मारायला धावला तेव्हा तिनं ठोसा उगारला. त्यानं तोच हात पिरगळला. मनगट मोडलं. प्लॅस्टर घालून माझ्याकडे आली, रागावली नव्हती. म्हणाली, "ताई, हवा उलटून मारत नाही."

तेव्हापासून मी ते वाक्य बोलत नाही. तुम्हीही बोलू नका. स्वसंरक्षण शिकायला समोर माणूस लागतो, शिकवणारा लागतो, सुटून पळायचा सराव लागतो. आणि घरातल्या माराला २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत, १८१ आणि ११२ हे क्रमांक आहेत, गटातल्या आपण आहोत. त्या ताईच्या अर्जामागे आम्ही वर्षभर फिरलो. मार थांबवायची जबाबदारी मार खाणारीच्या मनगटावर टाकणं हा आपल्याच तोंडून झालेला अन्याय होता.

ती ताई प्लॅस्टर निघाल्यावर परत सरावाला आली. मी ओशाळून विचारलं, आता कशाला? म्हणाली, "रात्री झोप लागते."

राहिला वेळेचा प्रश्न. लाथ दोन दिवसांत जमते, दार लावणं महिनाभर जमत नाही. लावलं की सासूबाई विचारतात, आत काय चाललंय? पोर दार वाजवतं. आमच्या एका गटानं जोड्या केल्या. एक दिवस एकीनं दोघींची पोरं सांभाळायची, दुसऱ्या दिवशी दुसरीनं. एका घरी तर सासूबाईच आत येऊन बसल्या, आणि आठवड्यानं खुर्चीत बसल्या बसल्या ठोसे मारू लागल्या. त्यांचा 'हा' सुनेपेक्षा मोठा निघतो.

बोलणं पुरे. सतरंज्या गुंडाळा, पिशव्या भिंतीला लावा. डावा पाय पुढे.