जुनी रायफल आणि रात्रीची दुर्बीण

खंडाळ्याच्या पावसाळ्यांत पोलाद व भिंग यांचा शत्रु एकच : ओल. ली-एन्फील्ड जातीची जुनी रायफल कपाटांतून निघते, तेव्हां ती गंजलेली असते. उत्साही मनुष्य लागलीच घासकागद उचलतो आणि येथेंच घात होतो. इशापूरच्या कारखान्याचा छाप, सालाचा आंकडा व बोल्टावरील क्रमांक हा त्या शस्त्राचा जन्मदाखला. तो एकदां घासला गेला कीं परत मिळत नाहीं. जाणता कारागीर तेलाचा फडका व संयम यांवर भागवितो, दस्त्याच्या लांकडास जवसाचें तेल पाजतो, आणि बोल्ट व नळी यांचा मेळ तपासल्यावांचून गोळी झाडूं देत नाहीं.

रात्रीची दुर्बीण याहून नाजूक. १९४५ सालीं ओकिनावाच्या लढाईंत अमेरिकन सैनिकांनीं वापरलेल्या दुर्बिणींत अवरक्त दिव्याचे किरण लक्ष्यावरून परतून निर्वात नळींत इलेक्ट्रॉन मोकळे करीत. ते हजारों व्होल्टांच्या दाबानें धांवून पडद्यावर हिरवट चित्र उमटवीत. भिंगावरील बुरशी पुसतां येते. नळींतील निर्वात गेल्यास मात्र ती उघडून उपयोग नाहीं. ती तशीच कोरड्या जागीं जपावी.

१९५९ च्या शस्त्र-कायद्याप्रमाणें परवाना हवाच. जुन्या वस्तूस नवें रूप देण्यापेक्षां तिचें वय राखणें हेंच खरें कसब होय.