सीएनसीचा अभ्यासक्रम : वहीतून मशीनवर

भोसरी, चाकण, शिरोली, वाळूज, सातपूर. यांपैकी कुठल्याही औद्योगिक वसाहतीत जा, दोन-चार कामगारांच्या शेडमध्येही आज सीएनसी लेथ दिसतो. तो चालवणारी बरीच मुलं आयटीआय आणि पॉलिटेक्निकमधून येतात. त्यांचा अभ्यासक्रम आता मुळापासून बदलायला हवा.

१९५२ साली अमेरिकेत एमआयटीने पंच केलेल्या पट्टीवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं. त्या काळी प्रोग्राम तयार करणं हेच मोठं जिकिरीचं काम होतं. आज कॅम सॉफ्टवेअर हजार ओळींचा प्रोग्राम काही मिनिटांत देतं. तरीही अनेक वर्गांत फळ्यावरचा प्रोग्राम जर्नलमध्ये उतरवला की प्रॅक्टिकल झालं असं धरतात.

म्हणून जी-कोड, म्हणजे या प्रोग्रामची भाषाच, अभ्यासातून काढून टाका असं मी म्हणणार नाही. उलट तो वाचता आलाच पाहिजे. काही कंट्रोलवर ‘एक्स ५०’ लिहिताना दशांश चिन्ह राहिलं, तर मशीन ते पन्नास मिलिमीटर न धरता पन्नास मायक्रॉन धरतं आणि टूल भरधाव जॉबवर आदळतं. सायकल स्टार्ट दाबण्याआधी ही चूक डोळ्याला खुपायला हवी.

खरी विद्या मात्र सेटिंगमध्ये आहे. समजा शाफ्टचा व्यास २५ मिलिमीटर हवा आणि मायक्रोमीटरवर २५.०४ भरला. जाणता सेटर प्रोग्रामला हात लावत नाही. त्या टूलच्या वेअर ऑफसेटमध्ये एक्सला उणे ०.०४ देतो आणि पुढचा जॉब मोजतो. लेथवर एक्स सहसा व्यासात धरतात, म्हणून निम्मं करायचं नाही. हे मुलाने स्वतः करून पाहिलं की आयुष्यभर विसरत नाही. तसंच फेसिंगचं. कापण्याचा वेग कायम ठेवायला सांगितलं, तर टूल मध्याकडे सरकेल तसे चकचे फेरे वाढत जातात. कमाल फेऱ्यांची मर्यादा घातली नसेल, तर जबड्यांची पकड सैल होऊन जॉब उडू शकतो. इथे प्रश्न मार्कांचा नाही, मुलाच्या जिवाचा आहे.

मशीन एक आणि मुलं वीस, ही अडचण खरी आहे. पहिली ओळख सिम्युलेटरवर जरूर करून द्या. पण इन्सर्टची धार गेल्यावर बदललेला आवाज, निळी पडलेली चीप, हे तिथे कळत नाही. त्यासाठी बॅच लहान करा, वर्कशॉप संध्याकाळीही उघडं ठेवा.

परीक्षाही बदला. मुलाच्या हातात ड्रॉइंग, कच्चा बार आणि मायक्रोमीटर द्या. टूल त्याने लावावं, जॉब त्याने काढावा, आलेलं माप त्यानेच लिहावं. माप चुकलं तर का चुकलं, हे सांगण्यालाही मार्क असावेत. आणि शिकवणाऱ्यांना दर सुट्टीत काही आठवडे कारखान्यात पाठवा, पगारी आणि हजेरी धरून.