कांतीचे ऋतू

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका जमल्या की एक प्रश्न हमखास कानी येतो. विचारणारीच्या मनात वाईट काही नसते. बहुधा मायाच असते. "अगबाई, बरे नाही का तुम्हांला? चेहरा किती उतरलाय!" इंदूरला राहणाऱ्या माझ्या एका मावसबहिणीला हा प्रश्न एकाच संध्याकाळी तिघींनी विचारला. तिला तेव्हा एकोणपन्नासावे वर्ष चालू होते. आजारी म्हणावी अशी ती नव्हती. पण गालांवरचा वांग गडद झाला होता, कातडी कोरडी पडली होती आणि हनुवटीवर दोनचार राठ केस उगवले होते. परतताना तिने औषधांच्या दुकानातून एक मलम विकत घेतले. त्या मलमाची हकीकत पुढे सांगेनच. मी स्वतः वैद्यकीचा व्यवसाय करते. तरी तिने मला विचारले नाही. ही गोष्ट तिला आजाराची वाटली नाही, लाजेची वाटली. आजचे माझे बोलणे त्या लाजेसंबंधी आहे.

आपल्या शरीरात काही ग्रंथी अशा आहेत की त्यांचा स्राव सरळ रक्तात मिसळतो आणि दूरच्या अवयवांना कामाला लावतो. या स्रावांना १९०५ साली अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने 'हॉर्मोन' हे नाव दिले. चालना देणारे, असा त्या मूळ ग्रीक शब्दाचा भाव. आपण त्यांना संप्रेरके म्हणतो. स्त्रीच्या बीजांडकोशांत मुख्यत्वे तयार होणारे इस्ट्रोजेन हे त्यांपैकी एक. त्याचा निरोप केवळ गर्भाशयाला पोचतो असे नव्हे. त्वचेच्या पेशींतही तो स्वीकारणारी स्थाने आहेत. मराठीत 'ऋतू' हा एकच शब्द आपण निसर्गासाठी वापरतो आणि स्त्रीच्या देहधर्मासाठीही. त्वचेलाही हे दोन्ही ऋतू कळतात.

पहिला ऋतू तारुण्याचा. पुरुषांत विपुल असणारी अँड्रोजेन ही संप्रेरके स्त्रीच्या शरीरातही थोडी असतात. वयात येताना ती वाढतात, त्वचेतल्या तैलग्रंथी जाग्या होतात आणि तारुण्यपीटिका उठतात. दुसरा ऋतू गर्भारपणाचा. त्या काळात त्वचेतले रंगद्रव्य वाढते; पोटावर काळी रेघ उमटते आणि अनेकींच्या गालांवर वांग येतो. सुश्रुतसंहितेत 'व्यंग' या नावाने त्याचे वर्णन आहे. क्रोध आणि श्रम ही कारणे तेथे सांगितली आहेत. आज आपण ऊन, आनुवंशिकता आणि संप्रेरके यांकडे बोट दाखवतो. संततिनियमनाच्या गोळ्यांनीही काहींना वांग येतो, तो याच कारणाने.

तिसरा ऋतू रजोनिवृत्तीचा. पाळी सलग बारा महिने आली नाही म्हणजे ती गेली असे आपण म्हणतो. भारतीय स्त्रियांत हे सरासरीने सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षाच्या आसपास घडते. त्याच्या आधीपासूनच इस्ट्रोजेन हेलकावे खात उतरू लागते. त्वचेला घट्टपणा देणारे कोलॅजेन हे प्रथिन त्यासोबत कमी होते. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या ५ वर्षांत ते सुमारे ३० टक्क्यांनी घटते, असे अभ्यासांत आढळले आहे. तैलग्रंथी मंदावतात, त्वचेत पाणी टिकत नाही, खाज सुटते, जखम भरायला वेळ लागतो. इस्ट्रोजेन उतरले तरी अँड्रोजेन तितक्या झपाट्याने उतरत नाही; हनुवटीवरचे राठ केस त्या बदललेल्या तोलाचे फळ. यात त्या स्त्रीचा हलगर्जीपणा कोठे आला?

आता त्या मलमाकडे वळू. त्यात डाग फिका करणारे हायड्रोक्विनोन होते आणि जोडीला मोमेटासोन नावाचे स्टेरॉइड. पहिले काही आठवडे चेहरा उजळला, बायकांनी कौतुक केले. आठव्या महिन्यात गाल लालभडक झाले, चुलीजवळ उभे राहिले की आग होऊ लागली, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागल्या. मलम थांबवावे तर दाह दुप्पट होई. स्टेरॉइडने त्वचा पातळ होते. आणि येथे तर वयाने ती आधीच पातळ होत होती. अशा अनेक मलमांवर २०१८ साली केंद्र सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घातली. तरीही ती शेजारणीच्या सल्ल्याने घरोघर पोचतात. "ताई, मला गोरे व्हायचे नव्हते गं, पूर्वीसारखे दिसायचे होते," असे ती मला म्हणाली. ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

मग करावे काय? उपाय साधे आहेत. स्नानाला कढत पाणी नको, कोमट असावे. साबण सौम्य आणि बेताचा. अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा व्हॅसलीन लावावे, म्हणजे पाणी आत टिकते. दिल्लीच्या कोरड्या थंडीत हे मुंबईपेक्षा अधिक अगत्याने करावे लागते. उन्हापासून जपणे हा वांगावरचा पहिला इलाज. छत्री, पदर आणि ऊन अडवणारे मलम यांत लाजण्यासारखे काही नाही. इस्ट्रोजेन बाहेरून देता येते, परंतु केवळ कांतीसाठी ते घेऊ नये. २००२ साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत संप्रेरकांचे संयुक्त उपचार मुदतीपूर्वी थांबवावे लागले. स्तनाचा कर्करोग आणि पक्षाघात यांचा धोका त्यात वाढलेला दिसला. अंगाची फार काहिली होत असेल, तर लाभहानी तोलून डॉक्टरच ते ठरवतील.

काही खुणा मात्र वयावर ढकलू नयेत. कोरड्या त्वचेबरोबर केस गळणे, थंडी सोसेनाशी होणे आणि विलक्षण थकवा असेल, तर कंठातील थायरॉइड ग्रंथी तपासून घ्यावी. चेहऱ्यावर केस झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, एखादा तीळ आकार किंवा रंग बदलू लागला, अथवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर त्वरित डॉक्टरांकडे जावे.

माझ्या बहिणीची आग शमायला वर्ष लागले. वांग पुरता गेला नाही. ती मात्र यंदा हळदीकुंकवाला पुन्हा गेली. तुमच्या भेटीत अशी कोणी आली, तर तिच्या चेहऱ्याविषयी बोलू नका. "रात्री झोप नीट लागते ना?" एवढेच विचारा. या वयात अंगाची काहिली अनेकींची झोप मोडते, आणि ते त्यांनी कोणाला सांगितलेले नसते.