कपाळावरचं पाणी

 

हा विषय कार्यक्रम करणाऱ्या ताईंनी मला नाताळातच सुचवला होता. म्हणाल्या, "तुमचा नाताळ सगळ्यांना ठाऊक आहे, केकही ठाऊक आहे. बाप्तिस्मा म्हणजे काय ते कुणी सांगत नाही. तुम्ही सांगाल का?" मी म्हटलं, तो कसा करतात हे पाच मिनिटांत सांगून होईल. पण झालेला बाप्तिस्मा रोजच्या रोज आठवायचा कसा, याला वेळ लागेल. त्या म्हणाल्या, घ्या वेळ.

तर आधी ती पाच मिनिटं. रविवारच्या उपासनेत, सगळ्या मंडळीसमोर, पाळकसाहेब भांड्यातलं पाणी ओंजळीत घेतात आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाळाच्या कपाळावर घालतात. बाळ बहुतेक रडतं. आईबाप शब्द देतात की आम्ही याला देवाच्या वाटेनं वाढवू. मोठ्या माणसाचा बाप्तिस्मा असेल तर शब्द त्यानं स्वतः द्यायचा. काही मंडळ्यांत कपाळावर पाणी न घालता माणसाला नदीत, विहिरीत नाहीतर हौदात पूर्ण बुडवून वर काढतात. कॅथलिक लोक याला स्नानसंस्कार म्हणतात.

लहानपणी की मोठेपणी, थेंबभर पाणी की डोक्यावरून पाणी, यावर जगभर ख्रिस्ती लोक शेकडो वर्षं भांडत आलेत. आपल्याकडे वाई-सातारला अमेरिकन मराठी मिशन आलं, आणि कोल्हापूर, सांगली, मिरजेकडे प्रेस्बिटेरियन लोक. मिरजेचा वॉनलेस साहेबांचा दवाखाना १८९४ सालचा, तो याच लोकांचा. पुढे १९७० साली नागपुरात सहा वेगवेगळ्या मंडळ्या एक होऊन उत्तर भारताची मंडळी झाली, तेव्हा त्यांनी ठरवलं की बाळाचाही बाप्तिस्मा खरा आणि मोठ्याचाही खरा. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. घरात दोन जावांच्या दोन रीती असल्या म्हणून चुली वेगळ्या कराव्या लागत नाहीत.

पण एका गोष्टीवर बहुतेक सगळ्यांचं एकमत आहे. बाप्तिस्मा एकदाच. दिवाळी दरवर्षी येते, वाढदिवस दरवर्षी येतो, हा परत येत नाही. आणि आमच्यापैकी बऱ्याच जणींचा झाला तेव्हा आम्ही आईच्या खांद्यावर झोपलेल्या होतो. म्हणजे आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट, आणि ती आपल्याला आठवतच नाही!

महिला मंडळात मी एकदा विचारलं, आपल्या बाप्तिस्म्याची तारीख किती जणींना माहीत आहे? लग्नाची तारीख सगळ्यांना पाठ. मुलांच्या जन्माची तर वेळसुद्धा. बाप्तिस्म्याची तारीख दोघींनाच येत होती, आणि त्यातली एक पाळकसाहेबांची बायको! तेव्हा पहिलं काम हे करा, बायांनो. चर्चमध्ये बाप्तिस्म्याची नोंदवही असते. जा, तुमचं पान काढायला सांगा. माहेरची मंडळी दुसऱ्या गावात असेल तर भावाला पाठवा. तारीख मिळाली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनानं गोल करा, दूध आणि गॅस सिलिंडरच्या नोंदी करतो तिथंच. त्या दिवशी शेवयांची खीर करा. ज्यांनी तुम्हाला त्या दिवशी हातात धरलं, ते धर्ममाता-धर्मपिता हयात असतील तर फोन करा. मुलांना ती गोष्ट सांगा. कोण कोण आलं होतं, बाळ किती रडलं, आजीनं कुठलं लुगडं नेसलं होतं. मुलांना अशा गोष्टी फार आवडतात, त्या आपल्याबद्दल असतात ना.

हे झालं वर्षातून एकदा. रोजचं काय?

मार्टिन लूथरनं १५२९ साली घरातल्या माणसांसाठी एक छोटं प्रश्नोत्तरांचं पुस्तक लिहिलं. त्यात त्याचं म्हणणं असं, की बाप्तिस्म्याच्या पाण्याचा अर्थ रोजचा आहे. आपल्यातला जुना माणूस रोज बुडवायचा आणि नवा रोज वर यायचा. माझ्या आजीनं लूथरचं नाव ऐकलेलं नव्हतं. ती माण तालुक्यातली, लिहिता-वाचता न येणारी. पण ती पहाटे उठून तांब्यातलं पाणी ओंजळीत घ्यायची, तीनदा तोंडावर मारायची आणि काहीतरी पुटपुटायची. मला वाटायचं, पाणी मोजते आहे. मोजायचीही ती. बहात्तरच्या दुष्काळात सात माणसांच्या घरात दोन घागरींवर दिवस काढलेले, दिवसभर कामावर खडी फोडलेली, मिळालेली सुकडी पोरांत वाटलेली. पण त्या दिवसांतही त्या तीन ओंजळी सुटल्या नाहीत. फक्त खाली परात ठेवायची आणि ते पाणी शेळीला पाजायची. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "पोरी, कालची म्हातारी रात्री मेली. ही नवी उठलीय. हिचं कुणाशी भांडण न्हाई." आता खरं सांगायचं तर नऊ वाजेपर्यंत कालची म्हातारी परत यायची, आणि माझ्या आईला ती चांगली ठाऊक होती. पण दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तीन ओंजळी. धर्मशिक्षणाचे वर्ग मी पुष्कळ केले, बाप्तिस्म्याचा अर्थ याहून सोपा करून मला कुणी सांगितला नाही.

बायबलात पौल म्हणतो की बाप्तिस्म्यात आपण ख्रिस्ताबरोबर पुरले जातो आणि त्याच्याबरोबर उठतो. पाण्यात मरण आणि पाण्यातच जगणं, हे पुस्तकात वाचायला अवघड जातं. पण आपल्या दोन जिल्ह्यांतल्या बाईला ते समजवायची गरज नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेतून दहा डब्यांची पाण्याची रेल्वे लातूरला गेली, तेव्हा लोक पाणी बघायला स्टेशनवर उभे होते. आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्याच कृष्णेनं सांगलीत आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा माणसं माडीवरून होडीत उतरत होती. एकच नदी. माणमधली बाई पाण्यासाठी प्रार्थना करते, सांगलीतली बाई पाणी उतरावं म्हणून करते. बाप्तिस्म्याच्या भांड्यातल्या थोड्याशा पाण्यात हे दोन्ही आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता मी जरा अवघड जागी येते. पाणी म्हटलं की आपल्याकडे आणखी एक गोष्ट येते: कुणी कुणाच्या हातचं पाणी प्यायचं. बाबासाहेब आंबेडकर लहानपणी सातारला राहत. १९०१ साली ती भावंडं वडिलांना भेटायला निघाली, मसूर स्टेशनवर उतरून बैलगाडीनं पुढे गेली. डब्यात जेवण होतं, पण वाटेत पाणी कुणी दिलं नाही. ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. ही आपल्याच जिल्ह्यातली वाट आहे.

त्याच काळात मराठी मुलखात एक दुसरी बाई पाण्याशीच झगडत होती. लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाई तिकडे नातेवाइकांत, आकाश कोसळल्यासारख्या. पुढे काही वर्षांनी त्या पतीकडे राहायला गेल्या, पण ख्रिस्ती म्हणून नव्हे. वेगळी चूल, वेगळं पाणी, सोवळं सगळं तसंच. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचलंय त्यांना आठवेल, किती मोकळेपणानं आणि हसत हसत त्यांनी हे सांगितलंय. मग हळूहळू त्यांच्या मनानं घेतलं की जात देवानं केलेली नाही, माणसानं केलीय. आणि त्या सगळ्यांच्या हातचं खाऊ-पिऊ लागल्या. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा, म्हणजे या सगळ्याच्या नंतर. मला नेहमी वाटतं, त्या बाईनं आधी घागरीतलं पाणी सोडवलं, मग कपाळावर पाणी घेतलं. आमच्यात पुष्कळांचं उलटं झालं. कपाळावरचं पाणी पिढ्यान्पिढ्या आहे, घागर मात्र अजून अडकलेलीच.

टिळकांचं शेवटचं काम सातारचं आहे. १९१७ साली ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले, संन्यास घेतला आणि सातारला 'देवाचा दरबार' सुरू केला. त्या दरबारात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघंही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून शेजारी शेजारी बसू शकत. मिशनमधल्या कित्येकांना ते पटण्यासारखं नव्हतंच. १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले, काम पुढे फारसं वाढलं नाही. मी स्वतः बाप्तिस्म्याला फार मोठी गोष्ट मानते, त्याशिवाय चालतं असं मी म्हणणार नाही. पण ज्या माणसानं बाप्तिस्म्यासाठी घरदार, बायको-मुलाची ताटातूट सोसली, त्याच माणसानं त्याचं कुंपण होऊ दिलं नाही, हे मला विसरता येत नाही.

कारण कुंपणं आमच्यातच आहेत. दोन सांगते. पहिलं सरकारी कागदाचं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दाखला फक्त हिंदूंना होता. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेल्या दलिताला तो नाही. गावातली वागणूक बदललेली नसते, विहिरीवरची नजर बदललेली नसते, पण कागदावर तो दलित राहत नाही. म्हणून पुष्कळ घरांत शाळेच्या दाखल्यावर एक नाव असतं आणि मंडळीत दुसरं. बाप्तिस्म्याचा दाखला कपाटात साड्यांच्या खाली. मघाशी मी म्हटलं, तारीख कॅलेंडरवर लिहा. मला माहीत आहे, ऐकणाऱ्यांतल्या काही जणी ती लिहू शकणार नाहीत. पोराच्या फीचा प्रश्न आहे, नोकरीचा आहे. त्यांना मी नावं ठेवणार नाही, आणि पोटभर जेवलेल्या कुणी ठेवूही नयेत. तुम्ही पहाटे तोंड धुताना तीन ओंजळी घ्या. त्याला दाखला लागत नाही आणि ते कुणाला दिसतही नाही.

दुसरं कुंपण आम्हीच घातलेलं, त्याला सरकार जबाबदार नाही. मुलीचं स्थळ बघताना पहिला प्रश्न येतो, "मूळचे कोण?" रविवारी एकाच भाकरीतून प्रभुभोजन घेतलेली माणसं सोमवारी फोन करून विचारतात, मूळचे कोण. पौलानं गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात अगदी उघड सांगितलंय की बाप्तिस्मा घेतला त्यांनी ख्रिस्त पांघरला, आता यहूदी-ग्रीक, दास-स्वतंत्र, बाई-पुरुष असा भेद उरला नाही. हे आम्ही लेकरांकडून पाठ करून घेतो, बक्षीसही देतो. आणि लग्नाची वेळ आली की ते पांघरूण बाजूला सारून खाली काय आहे ते बघतो.

तेव्हा बाप्तिस्मा रोज आठवायचा म्हणजे काय, तर मला वाटतं तो अशा जागी आठवायचा. दारात पाणी मागायला आलेल्या बाईला पेला कुठला देतो, तिथं. टँकरच्या रांगेत शेवटी उभ्या असलेल्या म्हातारीची घागर आधी लावू देतो का, तिथं. सुनेचं माहेर कुठलं, त्यावरून तिच्या हातचं कालवण गोड लागतं की कडू, तिथं. हे सगळं बाप्तिस्मा न झालेल्या माझ्या शेजारणी माझ्याहून चांगलं करतात, हेही मी पाहते, आणि टिळकांचा दरबार मला त्यामुळे थोडा कळतो.

सध्या आमच्या घरी पुतणीचं जमवणं चाललंय. मोठी काकू म्हणून फोन माझ्याकडेच येतात. "मूळचे कोण?" विचारलं की मी तिच्या बाप्तिस्म्याची तारीख सांगते, कुठल्या चर्चमध्ये झाला ते सांगते, आणि गप्प बसते. दोन घरांतून परत फोन आला नाही. जाऊबाई माझ्यावर जरा रागावल्या आहेत, आणि त्यांची काळजी मला समजते, पोर तिची आहे. तिसऱ्या घरातल्या बाई मात्र क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "तारीख बरी पाठ आहे तुमच्या. आमच्या पोराची मलाच आठवत नाही, बघून सांगते हं." परवा त्यांचा फोन आला. तारीख सापडली होती. रविवारी उपासनेनंतर ते लोक यायचे आहेत.