वंशावळींत नसलेली बाई
(एका गांवच्या सभेंत केलेलें भाषण)



तुमच्यापैकीं किती जणांना पणजोबांचें नांव ठाऊक आहे असें विचारलें, तर बरेच हात वर होतील. पणजीचें नांव विचारलें, तर सभा गप्प बसेल. यांत नवल नाहीं. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी वह्या घेऊन दारीं येतात, क्षेत्राच्या ठिकाणीं उपाध्यांच्या वह्या असतात. पण त्यांत बापामागें मुलगा असाच वंश चालतो. त्यांतून बाई तरुणपणीं विधवा झालेली असली, म्हणजे घरच्यांच्या तोंडूनही तिचें नांव लवकर जातें.

सरकारी दप्तराची गोष्ट निराळी. जमिनीचा सारा कोण भरणार, हें सरकारला कळावें लागतें. म्हणून घर जिला विसरलें, ती तलाठ्याच्या वहींत सांपडते. आमची पणजी आम्हांला तेथेंच सांपडली.

आमच्या घरांत सांगत आले कीं, १९१८ च्या तापाच्या सांथींत पणजोबा गेले आणि तीन वर्षांच्या आजोबांना चुलत्यानें वाढवलें. पणजीविषयीं विचारलें, तर ‘ती पाट लावून गेली’ एवढेंच. पाट लावण्यांत आपल्या लोकांत कमीपणा नव्हता; पण गेलेल्या बाईची आठवण कोण ठेवतो?

त्या सांथींत हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें मेलीं. कोतवाल बुकांत, म्हणजे गांव नमुना १४ मध्यें, पणजोबांची नोंद मिळाली. तेथून आम्ही फेरफाराकडे वळलों. मुंबई इलाख्यांत १९१३ च्या कायद्यानें हक्कनोंद जमीन महसुलाच्या कायद्यांत आली. खातेदार मेला कीं वारसाची नोंद फेरफाराच्या वहींत, म्हणजे गांव नमुना ६ मध्यें, होऊं लागली. त्या वहींत लिहिलें होतें: खातेदार मयत, वारस मुलगा अज्ञान, पालनकर्ती आई. पुढें पणजीचें नांव, आणि ‘कोम’ लावून पणजोबांचें. कोम म्हणजे अमक्याची बायको. सातबाऱ्यावर ‘अ. पा. क.’ अशीं तीन अक्षरें आपण पाहतों, तीं हींच: अज्ञान पालनकर्ता.

दोन वर्षांनीं दुसरी नोंद आहे. दिरानें वर्दी दिली कीं, भावजयीनें पाट लावला, सबब पालनकर्ता म्हणून आपलें नांव लावावें. या वर्दीचें मूळ कायद्यांत होतें. १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्यानें पुन्हां लग्न करणाऱ्या बाईचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क संपे, आणि मुलांना दुसरा पालक नेमावा म्हणून नवऱ्याकडचे नातलग कोर्टांत जाऊं शकत. सर्कल इन्स्पेक्टरनें चावडीवर पंचांचे जबाब घेतले. बाई गांवींच राहते, शेत वाहते, पाट लावलेला नाहीं, असें निघालें. वर्दी नामंजूर झाली. खालीं पणजीच्या डाव्या अंगठ्याचा ठसा आहे.

शेवटची नोंद १९३३ ची: अज्ञान सज्ञान झाला, सबब पालनकर्तीचें नांव कमी केलें.

बंधूंनो, पंधरा वर्षें त्या बाईनें ती जमीन राखली. १९१८ सालीं सांथीबरोबर पाऊसही बुडाला होता. तशा काळांत तिनें सारा कसा भरला, औत कोणाचें आणलें, हें कागद सांगत नाहीं, आणि आम्हीही मनानें रचून सांगणार नाहीं. दिरालाही आम्ही शिव्या देत नाहीं. त्याचे वंशज आमचे भाऊबंद आहेत. पण ती पाट लावून गेली हें खोटें होतें, आणि तिचें नांव आतां आमच्या घरांत मुलांना ठाऊक आहे.

तुम्हांलाही हें करतां येईल. आजच्या सातबाऱ्यावर फेरफाराचे नंबर असतात. ते धरून मागें मागें जावें. जुन्या नकलांसाठीं तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षांत अर्ज द्यावा. जुना मजकूर मोडींत असेल तर मोडी जाणणारा गांठावा. शाळेच्या जुन्या दाखल-खारीज रजिस्टरांत पालकाचें नांव पाहावें. तेथें कधीं आई निघते. आणि सर्वांआधीं घरांतल्या म्हाताऱ्या बायांना विचारावें. कागद थांबतो, ती वाग्दत्त नसते. तिचें उद्यांचें सांगतां येत नाहीं.

आतां कायदा बदलला आहे. १९५६ पासून विधवा, आई आणि मुलगी या मुलाच्या बरोबरीनें वारस आहेत. २००५ पासून वडिलार्जित मिळकतींत मुलीचा हक्क जन्मानें आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांत आईचें नांव घालणें राज्य सरकारनें सक्तीचें केलें आहे. तरीही तेरावा उरकत नाहीं तोंच बहिणीपुढें, भावजयीपुढें हक्कसोडीचा कागद येतो. पणजीला निदान चावडीवर उभें राहून जबाब देतां आला. आपल्या घरांतल्या बाईची सही किंवा अंगठा घेण्यापूर्वीं तो कागद तिला अक्षर न् अक्षर वाचून दाखवा, आणि तिला नको असेल तर तो तेथेंच फाडून टाका. एवढें आपल्या हातांत आहे.