मोजणीच्या आधी

अभियंता मित्रहो,



आपल्या भाषेत दुष्काळग्रस्त आहेत, पूरग्रस्त आहेत, भूकंपग्रस्त आहेत आणि त्याच पंगतीला प्रकल्पग्रस्तही आहेत. आपण बांधलेली धरणे आणि रस्ते लोकांनी आपत्तींच्या यादीत नेऊन बसवले, आणि आपल्यापैकी कोणाला ते कधी खटकले नाही. कामाचा नकाशा आपण मिलिमीटरपर्यंत काढतो. लोकांशी कोणी, कधी, कशाबद्दल बोलायचे याचा मात्र कागदही नसतो.

हे दुखणे जुने आहे. मुळशी खोऱ्यात टाटांच्या धरणासाठी जमीन ताब्यात येण्याआधीच शेतांत चाचणीचे चर खणले गेले. १९२१मध्ये तिथे सत्याग्रह उभा राहिला आणि सेनापती बापट त्याचे नेते झाले. शेतकऱ्याला प्रकल्पाची पहिली खबर कुदळीने दिली होती.

जवळचे उदाहरण समृद्धी महामार्गाचे. ७०१ किलोमीटर, १० जिल्हे, ३९२ गावे. आधी योजना आली ती जमीन एकत्रीकरणाची: जमीन द्या, बदल्यात विकसित भूखंड घ्या. ठाणे-नाशिककडच्या गावांनी मोजणीच अडवली. पुढे २०१७मध्ये थेट खरेदीचा मार्ग खुला झाला, मोबदला वाढला, गावोगाव फिरायला ‘संवादक’ नेमले गेले आणि खरेदीखते होऊ लागली. यातून मी एक धडा घेतो. नुसत्या गोड बोलण्याने गाडे हलत नाही. गावाचे म्हणणे वर पोचून निर्णय बदलतो, तेव्हाच गावात जाणाऱ्या माणसाच्या शब्दाला वजन येते.

माझी स्वतःची चूकही सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला एका नळयोजनेवर होतो. गावाची बैठक आम्ही भर दुपारी चावडीवर घेतली. पुरुष आले, माना डोलावल्या, इतिवृत्तावर सह्या झाल्या. नळकोंडाळे चावडीसमोर बसले. पाणी भरणाऱ्या बायका बैठकीच्या वेळी शेतात होत्या. चावडीवर बसलेल्यांच्या डोळ्यांदेखत पाणी भरायला त्यांना संकोच वाटणार, हे त्यांनीच सांगितले असते. आम्ही विचारले नाही. बायका जुन्या विहिरीवरच जात राहिल्या. आमच्या दप्तरी योजना यशस्वी होती.

म्हणून संवादाचा आराखडा करताना पहिला प्रश्न माणसांच्या यादीचा. सातबारावर ज्याचे नाव आहे तो सापडतोच. त्याच शेतावर पोट असलेला वाटेकरी, मजूर, बांधावरून गुरे नेणारा धनगर कोणत्याच उताऱ्यावर नसतो. दुसरा प्रश्न वेळेचा. मोजणीचे दगड रोवल्यावर घेतलेल्या बैठकीला लोक बैठक म्हणत नाहीत, नोटीस म्हणतात. तिसरा भाषेचा. पर्यावरण परिणामांच्या २००६च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीआधी तीस दिवसांची सूचना द्यावी लागते. पण स्थानिक भाषेत बंधनकारक असतो तो अहवालाचा सारांश. शेकडो पानांचा मूळ अहवाल इंग्रजीत आणि हरकत मात्र मराठीत, अशी ही सुनावणी होते. कायदा सारांशावर थांबतो. आपण थांबण्याचे कारण नाही. विहिरीचे पाणी आटेल का, शेतरस्ता तुटेल का, पावसाचे पाणी कुठून वाहील, एवढी पाने तरी पूर्ण मराठीत द्या.

आणि चौथा प्रश्न उत्तरदायित्वाचा. ‘वर कळवतो’ एवढेच म्हणू शकणारा माणूस गावात पाठवू नका. उत्तर माहीत नसेल तर तसे सांगा आणि कधी मिळेल ती तारीख द्या. नकारही वेळेवर दिला तर लोक पचवतात. ताटकळत ठेवलेले मात्र विसरत नाहीत.

या सगळ्याला पैसे लागतात, माणसे लागतात. तेव्हा अंदाजपत्रकात सिमेंट, पोलाद आणि खडीच्या बाबींशेजारी संवादाची एक स्वतंत्र बाब लिहा. प्रत्येक कामावर एक साधी वही ठेवा: कोणी विचारले, काय विचारले, कोणत्या तारखेला काय उत्तर दिले, आणि त्यामुळे आराखड्यात काय बदलले. पुढच्या परिषदेला येताना नकाशांसोबत ती वहीही घेऊन या. तिचा शेवटचा रकाना आपण आधी वाचू.