नव्या खोलीवर गच्ची कीं कौलें?



आज मी आपणांपुढें कोणताहि मोठा विषय मांडणार नाहीं. ज्याच्या मालकीचें एखादें बैठें घर आहे आणि ज्याच्या घरांतील माणसें वाढत आहेत, त्याच्यापुढें केव्हांना केव्हां येणारा हा प्रश्न आहे : घराला जोडून एक खोली काढावयाची, तर तिच्यावर सपाट गच्ची घालावी कीं उतरतें कौलारू छप्पर? मी इंजिनियर नव्हें. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि पुढें तीस-बत्तीस वर्षें मुलांना अंकगणित शिकविलेला एक मास्तर आहें. पण गेलें वर्षभर आमच्या घरीं याच प्रश्नावर जेवतांना, चहा घेतांना, आणि एकदां तर सत्यनारायणाची पोथी चालू असतां वाद झाले. त्या वादांतून जें हातीं लागलें तें सांगतों.

अंबरनाथला बुवापाड्यांत आमचें घर आहे. वडिलांनीं बांधलेलें, विटांच्या भिंतींचें, वर मंगळुरी कौलें. आढ्यापासून दोन पाखे उतरतात. एक रस्त्याकडे, दुसरा मागच्या अंगणाकडे. मुलाचें लग्न झालें, नातू झाला, आणि घर अपुरें पडूं लागलें. एके दिवशीं मुलगा म्हणाला, "नाना, मागं एक खोली काढू या. नाहीं तर मी बदलापूरला फ्लॅट बघतो." ती धमकी नव्हती, तो सरळच बोलला. पण त्या दिवसापासून मागच्या अंगणाकडे मी निराळ्या दृष्टीनें पाहूं लागलों.

मुलाचें म्हणणें गच्चीचें. पुढेंमागें वर मजला चढवितां येईल, टाकी ठेवतां येईल, सूनबाईंना पापड-कुरडया वाळत घालावयास जागा होईल. हें सारें खरें. माझें म्हणणें कौलांचें, आणि त्याला एक जुनें कारण होतें.

१९९८ सालीं आम्हीं स्वयंपाकघराच्या बाजूस एक चिंचोळी खोली काढली होती. एका ठेकेदारानें तिच्यावर स्लॅब टाकून दिला. पहिले दोन पावसाळे ती खोली कोरडी राहिली आणि मी चारचौघांत ठेकेदाराची स्तुति करूं लागलों. तिसऱ्या वर्षीं स्लॅब जुन्या भिंतीला जेथें टेकला होता तेथें केंसाएवढी चीर दिसली. सिमेंट भरलें, पुढच्या वर्षीं ती पुन्हां उघडली. मग आली २६ जुलै २००५. त्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला; इकडे उल्हास नदी फुगून बदलापूर-उल्हासनगरापर्यंत हाहाकार झाला. आमच्या घरांत पुराचें पाणी शिरलें नाहीं. छपरांतून आलें तेंच पुरेसें होतें. माझी आई त्या वेळीं अंथरुणाला खिळलेली, आणि तिची खाट त्याच खोलींत. रात्रींतून तीन वेळां आम्हीं ती खाट सरकविली. शेवटीं उचलून जुन्या घरांत, कौलांखालीं नेली. कौलांवर पावसाचा ताशा वाजत होता. आई म्हणाली, "इथं बरं." त्या दोन शब्दांनीं गच्चीविषयीं माझें मत वीस वर्षें पक्कें करून ठेवलें.

माझ्या मताला भूगोलाचाहि आधार होता. देशावर, सोलापूरकडे किंवा मराठवाड्यांत जा. जुनीं घरें माळवदाचीं किंवा धाब्याचीं दिसतील. तुळयांवर फळ्या, फळ्यांवर मातीचा जाड थर, वर पांढरी माती चोपलेली. पाऊस बेताचा, ऊन कडक. तेथें मातीचा सपाट थर घराला गार ठेवतो आणि उन्हाळ्यांत रात्रीं वर निजतांहि येतें. घाट उतरून कोकणांत या, कीं घरांनीं डोक्यावर उतरतीं टोपडीं घातलेलीं. आमच्या भागांत सालीना शंभर इंचांच्या आसपास पाऊस होतो, तोहि बहुतेक चार महिन्यांत. पूर्वीं येथें कुंभाराच्या चाकावरचीं नळीचीं कौलें असत. मांजर चाललें तरी तीं सरकत, म्हणून दर वर्षीं मृगापूर्वीं सारें छप्पर परतावें लागे. पुढें १८६५ सालीं बासल मिशनच्या लोकांनीं मंगळुरास जेप्पू येथें सांच्यांतून निघणाऱ्या, एकमेकांत अडकणाऱ्या चपट्या कौलांचा कारखाना काढला. तीं कौलें गलबतांतून किनाऱ्यानें वर आलीं आणि आमच्याकडचीं घरें त्यांनीं लालभडक केलीं. फुटलेलें एक कौल काढून दुसरें बसविण्यास पांच मिनिटें लागतात. स्लॅबची गळती नेमकी कोठून येते हें शोधण्यांत मात्र दोन पावसाळे जातात. शिवाय वैशाखांत ऊन चाळीस अंशांपलीकडे गेलें, कीं स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रीं ती उष्णता खालच्या माणसांवर सोडतो. कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते.

इतका पक्का पक्ष घेऊन मी एका रविवारीं फूटपट्टी व कागद घेऊन बसलों, आणि माझ्याच अंकगणितानें माझा पराभव केला.

मंगळुरी कौलांना आमच्या पावसांत निदान दोन फुटांस एक फूट उतार हवा. त्याहून कमी ठेवला तर वारा पाणी उलटें आंत ढकलतो. आमच्या मागच्या पाख्याची वळचण जमिनीपासून साडेदहा फुटांवर आहे. नवी खोली बारा फूट खोल, पंधरा फूट रुंद. तोच पाखा पुढें ओढीत नेला तर बारा फुटांत सहा फूट खालीं येतो, आणि पलीकडची भिंत उरते साडेचार फूट. तेथें नातू ताठ उभा राहील. बाकीच्यांनीं वाकून वावरावें. मग उतार उलटा फिरवावा, म्हणजे नवें आढें पलीकडे उंच व पाखा जुन्या घराकडे उतरता? तसें केल्यास दोन्ही पाख्यांचें पाणी मधल्या एका पन्हळींत येणार, आणि ती पन्हळ नेमकी जुन्या भिंतीच्या डोक्यावर. आंब्याची चार पानें तींत अडकलीं, कीं पाणी घरांत. आढें आडवें फिरवावें तर एका बाजूच्या पागोळ्या शेजाऱ्यांच्या अंगणांत पडणार. आमच्यामध्यें अंतर अवघें तीन फुटांचें. पागोळीवरून भावाभावांचे दावे चाललेले मीं पाहिले आहेत. शेजाऱ्यांशीं चाळीस वर्षांचा घरोबा मी त्यासाठीं घालवणार नव्हतों.

म्हणजे गच्चीच आली. पण आतां मला १९९८ ची चूक दिसूं लागली. दोष सपाटपणाचा नव्हता. तो स्लॅब जुन्या भिंतीवर टेकविला होता, त्याचा थोडा उतार होता तोहि भिंतीकडेच, आणि जुन्या छपराचें पाणी कोठें जाणार याचा विचार कोणींच केला नव्हता.

हा हिशेब मी सविस्तर सांगतों. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. आमची नवी खोली पावणेसतरा चौरस मीटर. तासाला शंभर मिलिमीटर अशी सर आली तर तिच्यावर एका तासांत सोळाशेंहून अधिक लिटर पाणी पडेल. पण जुन्या घराचा मागचा पाखा जवळजवळ तेवढाच आहे, आणि त्याचें सारें पाणी आतां अंगणांत न पडतां या गच्चीवर पडणार! म्हणजे गच्चीला दुप्पट पाऊस. जोडखोलीचें छप्पर ठरवितांना लोक नव्या खोलीकडे पाहतात. पाहावयाचें असतें जुन्या घराच्या पाण्याकडे. तें कोठून सुटतें, कोठें पडतें आणि गटारापर्यंत कोणत्या वाटेनें जातें, ही वाट कागदावर काढली म्हणजे छपराचा आकार पुष्कळसा आपोआप ठरतो.

दुसरा हिशेब वजनाचा. पांच इंची स्लॅब या खोलीवर पांच टनांहून अधिक भरतो; कोब्याचे आणखी दोन-तीन टन. हीच खोली कौलारू केली असती तर वाशांसकट सव्वा टनाच्या आसपास काम झालें असतें. वडिलांच्या काळच्या भिंतीवर हें ओझें टाकणें म्हणजे म्हाताऱ्या बैलास नवा नांगर. म्हणून एका जाणत्या इंजिनियरकडून नकाशा करून घेतला, नगरपालिकेच्या परवानगीचा अर्ज केला, आणि नव्या खोलीला तिचे स्वतःचे खांब व पाया दिला. जुनें घर व नवी खोली शेजारीं उभीं आहेत, पण एकमेकांवर रेललेलीं नाहींत. (सूनबाई हें ऐकून कांहींशा हंसल्या, कां, तें मीं विचारलें नाहीं.)

स्लॅब जुन्या वळचणीच्या फूटभर खालीं घेतला. जुन्या भिंतीलगत त्याला अर्ध्या फुटाचा उभा कट्टा ठेवला, आणि भिंत व कट्टा यांमधील फट वांकविलेल्या पत्र्यानें झांकली. पत्र्याची एक कड भिंतींत खोंचलेली, दुसरी कट्ट्यावरून लोंबती. दोन्ही बांधकामें ऊन-पावसांत आपापल्या परीनें हलतात. तेथें घट्ट सिमेंट भरलें कीं चीर आलीच. वर विटांच्या तुकड्यांचा कोबा, आणि त्याला भिंतीपासून दूर, शंभर फुटांस एक फूट असा उतार. म्हणजे बारा फुटांत जेमतेम दीड इंच. गवंडी म्हणाला, "मास्तर, डोळ्याला दिसत पण नाही." मीं सांगितलें, पाण्याला दिसतो. चार-चार इंची दोन नळ ठेवले, एकच नाहीं. आणि दोन्ही तुंबले तर पाणी बाहेर पडावें म्हणून कठड्याच्या बुडाशीं एक भोंकहि. मग भोंक व नळांचीं तोंडें बंद करून गच्चीवर सात दिवस पाणी साठवून ठेवलें, आणि मी रोज खालून छत न्याहाळीत होतों.

मुलाला मजल्याची आशा राहिली आहे, मला उन्हाची धास्ती राहिली आहे. यंदां मे महिन्यांत त्या खोलींत रात्रीं अकरापर्यंत झोंप येत नव्हती; गच्चीवर पांढरा चुना फासल्यावर थोडें बरें वाटूं लागलें. आमच्या भागांत पुष्कळ लोक स्लॅब टाकून चार वर्षांनीं त्यावर पुन्हां पत्र्याचें उतरतें छप्पर चढवितात. दोन छपरांचे पैसे देऊन शेवटीं कोकणच्या पावसापुढें हात जोडावयाचे! मुलानें तसें कांहीं काढलें तर मी विरोध करीन असें नाहीं. मात्र त्या पत्र्यांचें पाणी कोठें पडणार, हें तो आधीं कागदावर काढून दाखवील.

पहिला पावसाळा कोरडा गेला. पण १९९८ चे दोन पावसाळे मी विसरलेलों नाहीं. सांध्याखालच्या भिंतीशीं मुलगा पुस्तकांचें कपाट ठेवूं म्हणत होता. तेथें सध्यां आम्हीं पाण्याचा माठ ठेविला आहे.